गोणपाटाखालची ऊब

आईने आमच्या मागच्या अंगणातली हिरवळ खणायला घेतली, तेव्हा माझं पोट नुकतंच दिसायला लागलं होतं. ती वसईहून माझ्या बाळंतपणासाठी आली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. इथे परदेशात, शहराच्या कडेला, क्वेकर्स हिलला आमचं घर नवंकोरं होतं, आणि मागच्या फेन्सपलीकडे मोकळं रान आणि गुडघाभर गवत. तिकडे तिची वाडी बिल्डरला देऊन झाली होती. भावांनी ठरवलं, तिने अंगठा दिला, आणि त्याबद्दल ती कुणाशी एक अक्षर बोलली नाही. आमची घरची बोली वेगळी आहे; इथे तिचं बोलणं मी सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिते आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती कोणत्याच भाषेत फारसं बोलत नव्हती.

माझ्या नवऱ्याने त्या हिरवळीवर बरीच मेहनत घेतली होती. संध्याकाळी कामावरून आला तर अर्धी हिरवळ उलटी पडलेली.

"आई, अहो, लॉन आहे ते," तो म्हणाला.

"खाता येतं का?" आईने विचारलं, आणि पुढचा घाव घातला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी आत निघून गेले. दोघांच्या मध्ये उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते. कधी सकाळची शिफ्ट, कधी दुपारची. घरी आले की या दोघांच्या न बोललेल्या भांडणात दाराबाहेर चपला काढून शिरायचं, असं चाललं होतं.

इथली माती चिकणमाती. पाऊस झाला की पाणी उभं राहायचं, मग मुळं कुजायची. म्हणून नवऱ्यानेच शेवटी, तोंड वाकडं करून का होईना, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणले आणि त्यांचे चौकोन रचून त्यात चांगली माती आणि कोंबडीखत भरलं. असे उंच वाफे तयार झाले. उन्हाळा संपत आला होता. आईने स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी आणि रगडून अर्धे केलेले धणे पेरले. मुळा लावला. मिरच्या आणि वांगी तिने आल्या आल्याच कुंड्यांत केली होती, ती या वाफ्यांत हलवली. इथले ऋतू उलटे; एप्रिल-मे हा शरद. तिला वाटलं होतं की दिवाळीनंतर आपल्याकडे पडते तशी थंडी पडेल आणि भाजी मजेत वाढेल.

हिवाळ्यात इथे काय होतं हे तिला पलीकडच्या म्हातारीने दाखवलं. ही आमची शेजारीण माल्टा देशाची, विधवा, आईच्याच वयाची, आणि आमच्यासारखीच कॅथलिक. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हातारीला जेमतेम. रविवारी चर्चमध्ये दोघी एका बाकावर बसायच्या आणि आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणायच्या. एके दिवशी म्हातारी तिच्या फ्रीजरमधून खरवडलेला बर्फ वाटीत घेऊन आली. तिने आईच्या मिरचीच्या एका फांदीवर तो दाबून धरला, मग आभाळाकडे बोट दाखवलं, मग अंगणातल्या गवताकडे, आणि हात पसरून सगळीकडे हे असं, अशी खूण केली. संध्याकाळपर्यंत ती फांदी उकडल्यासारखी लोळागोळा झाली, दुसऱ्या दिवशी काळी पडली.

आई बराच वेळ त्या फांदीपाशी उभी होती. जन्मभर तिने रोपं उन्हापासून वाचवली होती, माडाच्या झापांची सावली करून. थंडीपासून झाड झाकायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर ती थंडीच्या मागेच लागली. नवऱ्याला सांगून वाळलेल्या गवताचे भारे आणवले आणि रोपांच्या बुडाशी ते जाड पसरलं. काठ्या रोवून त्यांवर गोणपाटं टाकायला सुरुवात केली. सूर्य कलला की झाकायची, सकाळी ऊन आलं की काढायची. एकेका वाफ्याला दोन-दोन पदर. कडेने गोणपाट मातीत खोचून टाकायची, वारा शिरू नये म्हणून. एकदा मी आत हात घालून पाहिला, तर खरंच ऊब होती, निजलेल्या जनावराच्या कुशीत असावी तशी.

"हातमोजे घाल," मी म्हणायचे.

"मोज्यातून मातीला काय कळणार?"

"आई, हे वसई नाही. इथे काय काय असतं."

"तिथे काय कमी होतं?"

मला त्या गवताची धास्ती वाटायची, पण कशाची ते नीट सांगता येत नव्हतं. ती दिवसभर घरात एकटी, फोन आला तर उचलायची नाही, आणि मी ट्रेनने अर्ध्या तासावर. कामावर रक्ताच्या नळ्या हाताळताना मधूनच मनात यायचं की ती आत्ता कुठे असेल. मग पोटात बाळ वळायचं आणि मी स्वतःला आवरायचे.

त्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती. नवरा सकाळीच ब्लॅकटाउनला कामावर गेला होता, गाडी घेऊन. धुकं विरून चांगलं ऊन पडलं होतं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, आणि आई बाहेर गोणपाटं काढत होती.

ओरडणं असं मला ऐकूच आलं नाही. तिने मला हळू आवाजात हाक मारली, "ए बाय," आणि त्या हळू आवाजानेच मी गाळणं टाकून धावले.

ती वाफ्याशी उभी होती, उजवं मनगट डाव्या हाताने धरून. पायाशी अर्धं उचललेलं गोणपाट. आणि स्लीपरच्या कडेने, काही घाई नसल्यासारखा, एक लांब तपकिरी साप फेन्सकडे चालला होता. तो फळीखालच्या गवतात शिरला आणि गवत हलायचं थांबलं.

"चावला?"

"काट्यासारखं लागलं. दुखत नाही."

मी पुढे झाले तशी ती कडाडली, "तू मागे सर! पोटुशी आहेस, अक्कल आहे का?"

"आई, हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

तिच्या मनगटाच्या वर दोन बारीक ओरखडे होते, रक्ताचा एकेक ठिपका. इतकंच. तो तपकिरी साप किती वाईट असतो ते मला माहीत होतं. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, हे मी कामाच्या ठिकाणी शिकले होते. आणि इथे माझी आई म्हणत होती, दुखत नाही.

चालवत घरात नेली तर विष पसरणार. इथे ठेवली तर साप चार पावलांवरच्या गवतात. मी तिला वाफ्यापासून थोडं बाजूला, मोकळ्या जागी, जमिनीवर आडवी केली. तिचं लुगडं दोरीवर वाळत होतं. ते ओढलं आणि दातांनी काठ तोडून टर्रकन फाडलं.

"अगं, नवं आहे ते!"

"पडून राहा."

"वर दंडाला दोरी बांध. करकचून. आणि चिरा दे, रक्त वाहू दे."

"आता तसं करत नाहीत, आई."

"मग पाण्याने धू तरी."

"धुवायचंही नाही. तिथे जे लागलंय त्यावरूनच कळतं कोणता साप ते."

आमच्या गावात साप चावला की काय करतात हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी त्यातली प्रत्येक गोष्ट करायला नकार देत होते. बोटांपासून खांद्यापर्यंत मी ती पट्टी घट्ट, मुरगळलेल्या पायाला बांधतात तशी गुंडाळत गेले. ही पद्धत तेव्हा नवीच शिकवायला लागले होते. कामावर ती आम्ही एकमेकींच्या हातांवर करून पाहिली होती, हसत हसत. आता पट्टी पुन्हा पुन्हा सैल पडत होती. मिरचीच्या वाफ्यातली एक काठी उपटून मी तिच्या हाताला बांधली, हात ताठ राहावा म्हणून. त्या वाफ्यात हात घालताना मी श्वास रोखून धरला होता.

फोन घरात. तिला एकटं सोडून जायचं कसं? मी फेन्सकडे तोंड करून शेजारणीला जिवाच्या आकांताने हाका मारल्या. म्हातारी पीठ लागलेल्या हातांनी बाजूच्या गेटातून आली. एका नजरेत तिला कळलं. ती परत गेली आणि फावडं घेऊन आली, आईच्या आणि त्या गवताच्या मध्ये उभी राहिली आणि तिच्या भाषेत प्रार्थना पुटपुटायला लागली. मी फोनकडे पळाले. नंबर फिरवताना डायल परत यायला किती वेळ लावते हे तेव्हा कळलं.

परत आले तेव्हा आईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. मग एका कुशीवर वळून ओकली. मी तिचा हात हलू न देता धरून ठेवला. तिने "नमो मारिया"ची प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यात सोडली. मी पुढचे शब्द म्हणायला लागले. ती नुसती आभाळाकडे पाहत होती. इतकी स्वस्थ मी तिला कधीच पाहिली नव्हती. मला वाटलं, चला, एकदाचं माझं ऐकलं तिने.

अॅम्ब्युलन्सचा आवाज आला तेव्हा म्हातारीने फावडं खाली टाकलं आणि रस्त्याकडे धावली, दोन्ही हात हलवत.

हॉस्पिटल माझ्या रोजच्या पायाखालचं होतं. पण त्या दिवशी मी वेगळ्याच दाराने आत आले. डॉक्टरांनी पट्टीत नेमकं चाव्यावर भोक पाडलं, तिथून कापसाने नमुना घेतला, आणि पट्टी तशीच ठेवली. "हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी. "गुड," ते म्हणाले आणि कामाला लागले. मग तिचं रक्त घेतलं. सुई काढली तिथून रक्त थांबेना. नर्स कापूस दाबून धरायची, तो भिजायचा, ती दुसरा घ्यायची. मी नर्सच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि ती माझ्याकडे पाहायचं टाळत होती.

मी लॅबमध्ये गेले. आमच्या सुपरवायझर बाईंनी मला दारातच अडवलं. "तू आज इथे काम करणार नाहीस. बस." मला बसवेना. माझ्याच टेबलापाशी माझी कामावरची जोडीदारीण आईच्या रक्ताची काचेची नळी घेऊन उभी होती. साधी चाचणी असते ती. नळीतलं रक्त काही वेळ उभं ठेवायचं आणि मग नळी कलती करून पाहायची. चांगलं रक्त तोवर जेलीसारखं घट्ट बसलेलं असतं. अशा कितीतरी नळ्या मी कलत्या केल्या होत्या आणि निकाल लिहून चहाला गेले होते.

तिने नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत आलं.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. फोन उचलला आणि खालच्या मजल्यावर कळवलं.

विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. काहींना त्यानेच झटका येतो. हेही मला माहीत होतं. माहीत असण्याचा त्या दिवशी मला काडीचा उपयोग नव्हता. आईच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. नवरा कारखान्यातून तसाच आला, हात तेलाने काळे. आम्ही बाकावर बसलो. तो म्हणाला, "उद्याच्या उद्या सगळं उपटून टाकतो. ते गवत जाळतो." थोड्या वेळाने त्याने माझ्या पोटावर हात ठेवला, आणि मग मला रडू आलं.

पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा नळी वाहिली. आणखी औषध दिलं. खिडकीबाहेरचं कार पार्क रिकामं होत गेलं, दिवे लागले. माझी जोडीदारीण तिची शिफ्ट संपूनही गेली नव्हती. शेवटी ती स्वतःच खाली आली. तिच्या हातात नळी होती. असं नळी घेऊन कुणी वॉर्डात येत नाही. तिने काही न बोलता माझ्यासमोर ती कलती केली, मग अगदी उलटी धरली. रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं होतं.

"गोठलं," मी मराठीतच म्हणाले. तिला कळलं.

आई वाचली. पण वॉर्डातल्या त्या दिवसांत तिने बागेचं नाव काढलं नाही. मिरच्या कशा आहेत, मेथीला पाणी घातलं का, काहीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. मला त्या गप्पपणाची सापाइतकीच भीती वाटायला लागली.

आणि नेमकं तेव्हाच आभाळ निवळलं. ढग नाहीत, वारा नाही. संध्याकाळी शेजारीण फेन्सवरून डोकावली, वर बोट दाखवून तिने खांदे आवळले आणि आमच्या उघड्या वाफ्यांकडे पाहिलं. म्हणजे आज फ्रॉस्ट, दवाचं बर्फ, पडणार.

"पडू दे," नवरा म्हणाला. "मरू दे सगळं."

"नाही."

"तुझी आई मरता मरता वाचली. आता तू त्या वाफ्यात हात घालणार आहेस? या अवस्थेत?"

"ती घरी येईल तेव्हा खिडकीतून तिला काय दिसायला हवं? काळी पडलेली रोपं? आणखी एक वाडी गेलेली?"

हे इतक्या स्पष्टपणे आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. मग तो बूट घालून बाहेर गेला, शेडमधून लांब दांड्याचं दाताळं आणलं आणि मला म्हणाला, "तू पायरीवरून सांग. खाली उतरायचं नाही."

उजेड अजून थोडा होता. त्याने आधी जमिनीवर पाय आपटले. मग वाफ्यांत त्या दिवसापासून अर्धवट पडलेलं एकेक गोणपाट दाताळ्याने लांबूनच ओढलं. प्रत्येक वेळी ते उलटं पडायचं आणि आम्ही दोघं तसेच थांबायचो, कान देऊन. पहिल्या वाफ्यात काही नाही. दुसऱ्यातही नाही. शेवटच्या, तिला साप चावला होता त्या वाफ्यातलं गवत त्याने दाताळ्याने बाजूला सारलं आणि एकदम मागे उडी मारली. मी किंचाळले.

"उंदीर," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

गवताच्या आत उंदरांचं घरटं होतं. डोळे न उघडलेली, गुलाबी पिल्लं. आईने मिरच्यांसाठी केलेल्या उबेला उंदीर आले होते, आणि उंदरांमागे तो. नवरा दाताळं धरून काही वेळ उभा राहिला. मग त्याने ते सगळं फावड्यावर घेतलं आणि फेन्सपलीकडे लांब नेऊन ठेवलं.

गवत आम्ही पुन्हा घातलं नाही. त्याने पाण्याचा काळा प्लास्टिकचा पाइप कापून वाफ्यांवर कमानी उभ्या केल्या, वरून जाड पारदर्शक प्लास्टिक ताणलं, कडांना विटा ठेवल्या. आत काय आहे ते बाहेरून दिसत होतं, लपायला जागा नव्हती. मला पायरीवर राहवेना. मी उतरले आणि दुसरं टोक धरलं. काम झालं तेव्हा आमच्या तोंडातून वाफ निघत होती.

सकाळी अंगण पांढरं झालं होतं. गवताचं प्रत्येक पातं वेगळं दिसत होतं, पाय ठेवला की करकर वाजत होतं. प्लास्टिक आतून घामेजलं होतं. मी ते पुसून आत पाहिलं. कडेची काही वांगी माना टाकून होती. मिरच्या उभ्या होत्या.

आई घरी आली, आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागली. बाहेर जाईना. आम्ही बागेबद्दल बोललो नाही. नवरा सकाळी कामावर जाण्याआधी प्लास्टिक उचलायचा, संध्याकाळी झाकायचा, आणि ती त्याला पाहत असायची. एकदा तो चुकून मेथीत पाय देऊन उभा राहिला, तर तिने काचेवर जोरात टकटक केलं. तो दचकून खाली बघायला लागला. मी त्या आवाजाने हसले आणि मग पटकन तोंड फिरवलं.

जुलैत मला मुलगी झाली. आठवडाभराने, दुपारी, बाळ झोपलेलं असताना आई माझे पाय चेपत होती. ती अचानक म्हणाली, "त्या दिवशी मी तुझं ऐकून पडून नव्हते."

"म्हणजे?"

"मला उठायचंच नव्हतं. वाटलं, बरं झालं. आता परत जायला नको, आणि इथेही राहायला नको." ती माझ्या पायाकडेच पाहत बोलत होती. "वाडी गेली तेव्हापासून माझं मन असंच पडून होतं."

ज्या स्वस्थपणाला मी आज्ञाधारकपणा समजले होते, तो हा होता. मी उठून बसले.

"मग?"

"मग काय. तू नमो मारिया म्हणत होतीस आणि मधलेच शब्द गाळत होतीस. लहानपणी गाळायचीस तेच. मला राग आला. म्हटलं, हिला हे अजून येत नाही, ही पोराला काय शिकवणार?"

ती हसली नाही, आणि मीही नाही. तिच्या त्या हाताची दोन बोटं पुढे कायमच थोडी बधिर राहिली. बाळ उठलं, तिने त्याला उचलून माझ्याकडे दिलं आणि खांद्यावर पदर घेतला.

"जावयाला सांग, मेथी खुडायला झाली आहे," ती म्हणाली. "तुला दूध यायला हवं. त्याला नाही जमायचं, तो मुळापासून ओढेल. मीच जाते." दारात थांबून तिने नवऱ्याचे बूट पाहिले, ते तिला फार मोठे होते, तरी त्यांत पाय घातले, आणि दाराशी ठेवलेलं दाताळं उचललं. मी खिडकीतून पाहत राहिले. ती वाफ्यापासून लांबच उभी राहिली, दाताळ्याने प्लास्टिक मागे सारलं, बराच वेळ आत निरखून पाहिलं. मग वाकली.